पिंपळे सौदागर : एका गावाची मोजदाद

पुण्याहून औंध ओलांडून पिंपरीच्या दिशेने निघाले, की पवना नदीच्या काठी पिंपळे सौदागर लागते. उंच इमारतींच्या रांगा, झगमगती दुकाने आणि संगणक कंपन्यांतून सकाळ-संध्याकाळ ये-जा करणारा तरुण वर्ग पाहिला म्हणजे येथे एके काळी बैल जुंपले जात होते, हे कोणाच्या ध्यानीही येणार नाही. तेथे राहणाऱ्या पुष्कळांना तर आपण एका ऐतिहासिक गावात राहतो याची कल्पनाच नसावी. ऐतिहासिक म्हणजे तेथे लढाई झाली किंवा एखादा तह झाला असे नव्हे. हे गाव इतिहासात गेले ते त्याची मोजदाद झाली म्हणून. कोणाकडे किती जमीन, तिचे तुकडे किती, घरात खाणारी तोंडे किती, डोक्यावर कर्ज किती, बाहेरून मजुरी किती येते, असा घरोघरचा हिशेब येथे मांडला गेला. तो १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने प्रसिद्ध झाला. भारतीय खेड्याचा शास्त्रीय अभ्यास म्हणून ज्या पुस्तकांकडे विद्वान वारंवार वळतात, त्यांतील हे एक अगदी आरंभीचे पुस्तक होय.

या अभ्यासाचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वी खेड्याविषयी काय समजले जात होते, हे पाहिले पाहिजे. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली भारतीय खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली. राज्ये येतात आणि जातात, खेडे मात्र आपल्या गरजा आपणच भागवीत जसेच्या तसे टिकून राहते, अशी ती कल्पना होती. इंग्रजांना ती आवडली, कारण तीत एक प्रकारचे काव्य होते. आपल्या देशभक्तांनाही ती आवडली, कारण तीत अभिमानाला जागा होती. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेटकाफचे हेच वर्णन हाती घेऊन त्यावर कठोर टीका केली, हे अनेकांना ठाऊक आहे. परंतु आंबेडकरांच्या त्या भाषणाच्या तीस वर्षे आधी एका रसायनशास्त्रज्ञाने, कोणतेही भाषण न करता, निव्वळ आकड्यांच्या आधारे त्या कल्पनेच्या मुळाशी हात घातला होता.

त्यांचे नाव हॅरल्ड हार्ट मॅन. १८७२ साली इंग्लंडमधील यॉर्क शहरी त्यांचा जन्म झाला. त्याच शहरात सीबोम राउंट्री यांनी गरिबांच्या घरोघरी जाऊन दारिद्र्याची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९०१ साली प्रसिद्ध केला. कुटुंबाला जगण्यास किमान किती लागते आणि हाती किती येते, एवढाच साधा प्रश्न त्यांनी विचारला होता. मॅन यांनी हीच रीत खेड्याला लावली. १९०३ च्या सुमारास बेडफर्डशायरमधील रिजमाँट या गावाची त्यांनी पाहणी केली. शहरात दारिद्र्य असते, खेड्यात मात्र ताजी हवा आणि सुखसमाधान असते, असा तेथील सुशिक्षितांचा समज होता. रिजमाँटमधील सुमारे एक तृतीयांश लोकांची मिळकत किमान गरजांनाही पुरत नाही, असे मॅन यांनी दाखवून दिले. आसामच्या चहाच्या मळ्यांतील संशोधनाची काही वर्षे संपवून १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पिंपळे सौदागरच्या वेशीवर जो गृहस्थ वही घेऊन उभा राहिला, तो अशा तयारीचा होता. साहेबाने नेटिवांचे खेडे तपासले, एवढेच त्याचे स्वरूप नव्हते. आपल्या देशातील खेड्याला जो प्रश्न त्याने विचारला होता, तोच त्याने आपल्यालाही विचारला. मला या गोष्टीचे अप्रूप वाटते. प्राचार्य मॅन यांच्याबरोबर महाविद्यालयातील देशी सहकारीही होते. त्यांच्यावाचून ही वही भरली नसती. मराठी कुणब्याच्या ओसरीवर बसून त्याच्या कर्जाची चौकशी करावयाची, तर तेथे मराठीच बोलावे लागते.

आता आकड्यांकडे वळू. जुन्या दप्तरांच्या आधारे मॅन यांनी दाखविले, की १७७१ साली, म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात, या गावातील सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये ती अवघी ७ एकर उरली. म्हणजे दीडशे वर्षांच्या आत चाळिसाचे सात झाले. सरासरी ही नेहमी थोडी फसवी असते, म्हणून त्यांनी पुढचाही हिशेब दिला. १५६ जमीनधारकांच्या मालकीचे ७२९ तुकडे होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान, तर ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. दहा गुंठ्यांत बैलजोडी वळवावयाची तर शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडणारच; आणि मग जी भांडणे होतात त्यांची चव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

हे तुकडे कसे पडतात, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना समजावून सांगावयास नको. बापाच्या तीन जागी तीन जमिनी असतात. एक नदीकाठची काळी, दुसरी मध्यम, तिसरी माळाची मुरमाड. मुलगे तीन. शहाणपणाने पाहिले तर प्रत्येकाने एकेक घ्यावी. पण काळीचा मानकरी कोणी व्हायचे? तेव्हा तिन्ही जमिनींचे तीन-तीन भाग होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिन्हींतील एकेक चिंचोळी पट्टी येते. यात अन्याय कोणावरच होत नाही. न्यायबुद्धीनेच हे होते, आणि म्हणूनच ते थांबविणे कठीण जाते. विहिरीची पाळी, आंब्याचे झाड, वाड्याची पडवी, सगळेच अशा रीतीने वाटले जाते. वसईच्या वाड्यांतून राहाटाच्या पाळ्या वाटून घेणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनीही याहून वेगळे काही केले नाही.

येथे थोडे सावध राहणे बरे. १७७१ चे ४० एकर आणि १९१५ चे ७ एकर यांची तुलना वाटते तितकी सरळ नाही. पेशवाईतील दप्तरात ज्याच्या नावे जमीन लागे, त्याच्या पाठीशी पुष्कळदा अख्खी भाऊबंदकी उभी असे. इंग्रजी मोजणीनंतर स्वतंत्र खाती पडत गेली. शिवाय गावकऱ्यांत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा असे, उपऱ्याचा नसे. तेव्हा चाळीस एकरांच्या मागे किती चुली होत्या, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. पुढे अनेक लेखकांनी मॅन यांची ही आकडेवारी इंग्रजी राजवटीविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली. काही अंशी तो पुरावा आहेही. परंतु त्यावरून पेशवाईत कुणबी सुखाने दूधभात खात होता असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल.

याला दुसऱ्या एका गावाची साक्ष आहे. टॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने पुण्याजवळील लोणी गावाचे सविस्तर वर्णन लिहिले. ते १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचले गेले आणि १८२३ साली छापले गेले. नगर रस्त्यावरील लोणीकंद ते हेच गाव. पेशवाई जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. इंग्रजी राज्याचे बरे-वाईट परिणाम व्हावयास अजून वेळ होता. त्या वेळी लोणीतील ८४ शेतकऱ्यांपैकी ७९ कर्जात होते, असे कोट्स नोंदवितो. उरले पाच. सावकाराचा पाश खेड्याच्या गळ्यात त्यापूर्वीच पडलेला होता, हे यावरून उघड होते. इंग्रजी न्यायालये, रोखीचा सारा आणि जमीन गहाण टाकण्याची सोय यांमुळे तो पुढे अधिक आवळला गेला आणि १८७५ साली भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळण्यापर्यंत मजल गेली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने त्यावर उतारा शोधला. पण नवा पाश नवीन असला, तरी त्याची दोरी जुनीच होती.

पिंपळे सौदागरमध्ये परत येऊ. मॅन यांच्या ग्रंथातील सर्वांत मर्मभेदी भाग जमिनीचा नव्हे, कुटुंबांचा आहे. १०३ कुटुंबांची आर्थिक स्थिती तपासून त्यांनी त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातील कुटुंबे केवळ आपल्या जमिनीच्या उत्पन्नावर नीट जगू शकत होती. दुसऱ्या गटातील कुटुंबे जमिनीला बाहेरच्या कमाईची जोड दिल्यामुळे तगून होती. तिसऱ्या गटातील कुटुंबांचे जमीन आणि मजुरी दोन्ही मिळूनही भागत नव्हते. पहिल्या गटात ८ कुटुंबे निघाली, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात ६७. ‘नीट जगणे’ याचा मापदंड विलायतेहून आणलेला नव्हता. गावाच्या आपल्याच राहणीप्रमाणे भाकर, कपडा आणि नित्याच्या गरजा इतपतच तो होता. त्या मापानेही शंभरातील पासष्ट घरे तुटीत होती. गावातील ८१ टक्के जमीनधारणा अशा होत्या, की सगळे अनुकूल घडले तरी त्या आपल्या धन्याला पोसू शकल्या नसत्या.

दुसऱ्या गटातील ती २८ कुटुंबे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. मेटकाफच्या प्रजासत्ताकात त्यांना जागाच नाही. ती गावात राहत होती, पण गावावर जगत नव्हती. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून नदीपलीकडे उभा होता, लष्कराची छावणी होती, पुणे शहर हाकेच्या अंतरावर होते. माणसे पहाटे भाकरी बांधून मजुरीला जात आणि अंधार पडता गावी परतत. म्हणजे आज ज्याला आपण उपनगर म्हणतो, त्याचे बीज शंभर वर्षांपूर्वीच पडलेले होते. गाव स्वयंपूर्ण असल्याचे आपण अभिमानाने सांगत होतो, त्या वेळी गावाला गाव पुरत नव्हते.

शहराच्या सावलीतील खेडे हे काही खरे खेडे नव्हे, असा आक्षेप यावर घेता आला असता. मॅन यांनाही तो सुचला असावा. त्यांनी नारायण वि. कानिटकर यांच्या साहाय्याने दुसरे गाव निवडले, ते पुण्यापासून दूरचे, कोरडवाहू शेतीचे. शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. या गावाचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. तेथे आर्थिक स्थिती खालावलेल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. पिंपळ्यात पासष्ट, जातेगावात पंच्याऐंशी. दोन पुस्तकांच्या मधल्या काळात १९१८ चे अवर्षण आणि इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ येऊन गेली, हे विसरून चालणार नाही. तरीही शहराच्या जवळिकीने खेडे बिघडते, हा लाडका समज या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. जेथे बाहेरचे काम होते तेथे दुःख थोडे कमी होते, एवढेच आकडे सांगतात.

परंतु जमिनीच्या मापाने खेडे मोजले म्हणजे ते पुरते मोजले गेले असे होत नाही. मराठी गाव म्हणजे पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि त्यांच्याभोवती बलुतेदार. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग. बारांची यादी गावोगाव थोडी निराळी, पण सुगीला खळ्यावर येऊन आपापला वाटा नेण्याची रीत सर्वत्र सारखी. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ हे पुस्तक मॅन यांच्या ग्रंथाच्या दोनच वर्षे आधी, १९१५ साली, निघाले. महसूल खात्यातील नोकरीत गावे पायांखाली घातलेल्या या लेखकाचे मराठी रांगडे, रसरशीत आहे. त्याचे म्हणणे असे, की वतनदार, बलुतेदार, फिरस्ते आणि भिक्षेकरी या सगळ्यांचा गाडा एकटा कुणबी ओढतो. यात तथ्य आहे. परंतु ‘गाव-गाडा’ हा कुणब्याच्या खळ्यावरून पाहिलेला गाव आहे. महारवाड्यातून पाहिला असता तोच गाडा निराळा दिसला असता. दिवसा-रात्री केव्हाही सरकारी टपाल घेऊन धावायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि मोबदला म्हणून तुटपुंज्या वतनी जमिनीवर व पसाभर धान्यावर राहायचे, हे जिणे कोणत्याही एकरांच्या तक्त्यात मावत नाही. हे वतन म्हणजे बक्षीस नसून बेडी आहे, हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

दुसरे जे तक्त्यात येत नाही ते म्हणजे स्त्रीचे काम. खुरपणी, वेचणी, मळणी, दळण, पाणी, शेणगोठा, आणि वेळ पडली तर परक्याच्या बांधावर मजुरी. सात एकरांचे खाते ज्याच्या नावे होते त्याच्या शेतात निम्म्याहून अधिक श्रम जिच्या अंगाचे होते, तिचे नाव खात्यावर नव्हते. या विषयाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

मॅन यांच्या आधीच मुंबई इलाख्याचे शेतकी अधिकारी कीटिंग यांनी तुकड्यांच्या दुखण्याकडे लक्ष वेधले होते. तुकडे जोडावेत, ठरावीक मापाखाली वाटणी होऊ देऊ नये, असा त्यांचा रोख होता. १९२७ साली मुंबई सरकारने तशा अर्थाचे विधेयक आणले, तेव्हा लोकांच्या प्रतिनिधींनी त्याला कडाडून विरोध केला. विरोधकांत आंबेडकर होते. १९१८ सालीच, म्हणजे पिंपळ्याचा अभ्यास निघाल्यानंतर वर्षभरात, त्यांनी लहान जमीनधारणांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यातील मुद्दा असा : जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ त्याच्या लांबी-रुंदीवर ठरत नाही, त्यावर किती हात आणि किती भांडवल राबते, यावर ते ठरते. शेतीवर नको इतकी माणसे अडकली आहेत, हे खरे दुखणे आहे. तुकडे कायद्याने जोडले तर मागे उरलेले हात भूमिहीन होतील. उपाय एकच, तो म्हणजे उद्योगधंदे. पिंपळ्यातील त्या २८ कुटुंबांनी हा उपाय कोणी शिकविण्याआधीच शोधून काढला होता. कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचा दिवस उगवत होता. पुढे १९४७ साली मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा केलाच. त्याने सातबाऱ्याची भाषा बदलली, घरातील वाटणी मात्र तोंडी होत राहिली.

स्वातंत्र्यानंतर पिंपळे सौदागरची दुसरी पाहणी झाली. पी. डी. दिस्कळकर यांनी ती केली आणि भारतीय कृषी-अर्थशास्त्र परिषदेने ती १९६० साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचे लोणीकंदच्या पुनर्पाहणीवरील पुस्तकही निघाले. एकाच जिल्ह्यातील दोन गावांची अशी पिढ्यांच्या अंतराने दोनदा झालेली मोजदाद आपल्याकडे विरळाच. मॅन त्या वेळी हयात होते. हिंदुस्थानातून परतल्यावर १९२८ पासून ते बेडफर्डशायरमधील वोबर्नच्या शेतकी प्रयोगकेंद्रात काम करीत. तेथून त्यांचे ते जुने रिजमाँट जवळच होते. १९६१ साली ते वारले.

दिस्कळकर गावात आले तेव्हा बदलाला आरंभ झाला होता. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्यामागून कारखान्यांची रांगच लागली. पिंपरी-चिंचवडला १९८२ साली महानगरपालिका मिळाली. नव्वदीच्या दशकाअखेरीस हिंजवडीला संगणक-उद्यान सुरू झाल्यावर नदीकाठच्या काळ्या जमिनीचे भाव आकाशाला भिडले. ज्या तुकड्यांवर कुटुंब जगत नाही म्हणून मॅन यांनी चिंता वाहिली, त्या पाव एकराच्या किमतीत आता कोटींची भाषा होऊ लागली. शेतकऱ्याचा हिशेब एकरावरून गुंठ्यावर आणि गुंठ्यावरून चौरस फुटांवर आला. एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट होतात, हे ज्यांच्या आजोबाने कधी ऐकलेही नव्हते, त्या नातवांना ते तोंडपाठ झाले.

या सुबत्तेत वाटणी पुन्हा उगवली, आणि या वेळी तिच्यात एक नवी वारसदार होती. हिंदू वारसा कायदा १९५६ चा; महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. शेत कसले जात होते तोवर सासरी गेलेल्या मुलीला बांधाचा हिस्सा कोणी विचारीत नव्हते आणि तीही मागत नव्हती. जमीन विकावयाची वेळ आली तेव्हा मात्र खरेदीदाराच्या वकिलाला तिची सही हवी झाली. शहराभोवतीच्या अशा गावांतून हक्कसोडपत्र हा शब्द त्या काळात घरोघरी पोहोचला. भावाबहिणींची कित्येक वर्षांची येण्याजाण्याची वाट त्या एका कागदावर मोडली. कित्येक बहिणींनी माहेर तुटू नये म्हणून काही न घेता सही केली. आपल्या ख्रिस्ती समाजाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू असल्याने मुलीचा समान हिस्सा कागदावर आधीपासूनच होता. पण वसईच्या वाड्या विकल्या गेल्या तेव्हा आपल्या भगिनींच्या पदरात त्यातले काय पडले, हे प्रत्येक घराने आपल्यापुरते आठवून पाहावे.

जमीन विकून आलेल्या पैशाचे काय झाले, कोणी इमारतीत गाळे राखून भाडे खाल्ले, कोणी दूर मुळशी-मावळात पुन्हा शेत घेतले, कोणाचा पैसा लग्नाकार्यांत आणि गाड्यांत विरला, याच्या कहाण्या त्या भागात ऐकू येतात. त्यांची वही मात्र अजून कोणी मॅन यांच्या शिस्तीने भरलेली नाही. तशी ती भरावयाची झालीच, तर पहिली अडचण वेशीवरच येईल. १९१५ मध्ये घर कोणाचे आणि गावकरी कोण, हे विचारावे लागत नव्हते. आज एकाच इमारतीत बिहारचा रखवालदार, तमिळनाडूचा अभियंता, लातूरची घरकाम करणारी बाई आणि ज्याच्या पणजोबाच्या पट्टीवर ती इमारत उभी आहे तो, असे सगळे एकाच उद्वाहकाने वर-खाली जात असतात.